फळ्यावरचा सुविचार

नुकत्याच शाळेतून निवृत्त झालेल्या शैलजाबाई बुलढाण्यात डोळ्याच्या दवाखान्यात, औषध घातलेले डोळे मिटून बसल्या होत्या. मागच्या बाकावर दोन बाया बोलत होत्या.

"तुही डिंपल जाते का वं शाळेत?"

शैलजाबाईंनी डोळे आणखी घट्ट मिटले.

"नाही. सहा महिने झाले, घरीच हाये."

"काऊन?"

"सगळ्यायच्या आधी जाऊन फळ्यावर सुविचार लिहे, कोणी न सांगता. बाईयले लय आवडलं. म्हणे, उद्यापासून हे काम तुह्यंच."

"मंग चांगलंच झालं ना!"

"दुसऱ्या दिवशी खडूले हात नाही लावला. आता अकोल्याचे डॉक्टर सांगतेत, काम अंगावर टाकलं का तिचं मन आखडून जाते. करावंसं वाटते, पण तिच्यानं होत नाही."

"तवा कोणाले समजलं नाही?"

"मले तरी कुठं समजलं? मी हाणलं तिले. बाई सगळ्यायसमोर म्हणे, तुह्यावाचून काही अडत नाही. खडू दुसऱ्या पोरीले देला. तवापासून दप्तर खुंटीवर हाये."

"बाईच्या नावानं बोटं मोडत असंन पोरगी."

"नाही वं. म्हणते, बाई लय चांगल्या व्हत्या, मीच त्यायले नकोशी झाली. अजून बी पहाटे दारामागं सुविचार लिहिते, अन् आम्ही उठायच्या आत पुसून टाकते."

आतून पुकारा झाला, "शैलजा पाठक!"

कोणीच उठलं नाही. पुन्हा पुकारा झाला.

"आजी, तुमचं तं नाव नाही ना?" मागून डिंपलच्या आईनं विचारलं.

"नाही," शैलजाबाई मागं न पाहता म्हणाल्या.