ताईची सुट्ट्यांची थैली

माझी मोठी बहीण शांताताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी वर्गात हजेरी घेत होतो. त्या दिवसापासून मला सारखं अंदमान आठवतं.

ताई शेलूबाजारात भाजी विकायची. सहलीला निघताना तिने दहा-वीसच्या नोटांची थैली सोबत घेतली, तेव्हा मी चिडलोच.

"ताई, तिथं काय वांगे विकाले चाललो का आपण? माह्याजवळ कार्ड हाये."

"राहू दे ना बापा. तुह्या डोक्यावर थोडीच देतो?"

एका छोट्या बेटावर आम्ही जेवलो. परतीची शेवटची बोट सुटायला दहा मिनिटं होती आणि नेमकं नेटवर्क गेलं. कार्ड चालेना, खिशात रोख नाही, हॉटेलवाला सोडेना. आमच्यामागे पाचशेच्या नोटा धरून बरेच पर्यटक अडकलेले, कारण त्याच्याकडे सुट्टेही नव्हते.

ताईने थैली टेबलावर उपडी केली. आमचं बिल चुकतं केलं आणि बाजारात बसल्यासारखी मांडी घालून बाकीच्यांना सुट्टे देऊ लागली.

मी ओरडलो, "ताई, बोट जाईन ना!"

"कुठं जाते? बोटवाला तं माह्याच लाइनीत उभा हाये!"

हा किस्सा मी गावभर सांगितला. फक्त सुट्टे न्यायची अक्कल माझी होती, असं सांगायचो. ताई शेजारी बसून हसायची. खरं काय ते तिच्यासमोर सांगायचं राहून गेलं.