दारावरचं स्टिकर

आमची गाडी अजून का आली नाही, असं विचारता ना? माझ्यामुळे.

येरवड्याला जुन्या गाड्यांच्या डीलरकडे बाबा टोकनचा चेक लिहीत होते. मी गाडीत बसून पाहत होते. मीटरवर अडतीस हजार किलोमीटर, आणि दाराच्या आतल्या कडेला स्टिकर: पुढचं ऑइल नव्वद हजारला. मला कळेना.

"बाबा, ऑइल इतक्या उशिरा बदलतात?" मी हळूच विचारलं.

बाबांनी येऊन वाचलं. डीलर म्हणाला, "अहो, स्टिकर दुसऱ्या गाडीचं असेल."

"म्हणजे दारही दुसऱ्या गाडीचं?" बाबांनी विचारलं.

"छे, दार ओरिजिनल आहे."

"मग स्टिकरही ओरिजिनल. मीटरच मागे फिरवलाय." बाबांनी पेनला टोपण लावलं.

परतताना गच्च भरलेल्या बसमध्ये ते एवढंच म्हणाले, "आता उभं राहायची सवय ठेव."

हे कौतुक होतं की टोमणा, मला अजून कळलेलं नाही.