पळणाऱ्यांची पोरं

आमचा विलास कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळं आपण साधी जांभई दिली तरी हा आदिमानवापासून सुरू करतो. परवा संध्याकाळी त्याला घेऊन दूधकट्ट्यावर गेलतो. तिथं म्हैस आपल्यासमोरच पिळतात आणि फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात. विलासनं पहिला घोट घेतला आणि शेजारची म्हैस जोरात फुरफुरली. गडी ग्लास टाकून थेट रस्त्यापलीकडं.

आम्ही हसाय लागलो, तर तिथनंच व्याख्यान सुरू.

"हसताय काय? ह्याला भित्रेपणा म्हणत न्हाईत. जंगलात सळसळ झाली की जे पळाले तेच वाचले. आपण सगळी त्यांचीच पोरं."

म्हशीवाले दत्तूमामा धार काढत ऐकत होते. मान वर न करता म्हणाले, "व्हय सर, पटलं. पर कोणतरी म्हशीपाशी थांबलंबी असणार की. आम्ही त्यांची पोरं."

मग त्यांनी दुसरा ग्लास भरला. "घ्यायला हितं येताय, का पलीकडं आणून देऊ?"

विलासनं एकदा म्हशीकडं बघितलं, एकदा आमच्याकडं.

"आणून द्या," म्हणाला.