कठड्याचा तुकडा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजी-माजी संसद सदस्य, माझे कर्मचारी सहकारी, आणि पहिल्या रांगेतून मला "आटोपतं घ्या" अशी खूण करणाऱ्या आमच्या सौभाग्यवती,

संसदेच्या या जुन्या इमारतीची देखभाल करण्यात माझी सगळी नोकरी गेली. आज निवृत्त होताना आपण चार चांगले शब्द बोललात आणि हे जड खोकं हातात दिलंत. फोटोसाठी मी हसलो. मग जागेवर बसून हळूच ते उघडलं. माणसाला दम कुठे निघतो?

तेव्हापासून मान वर करवत नाही.

हा लाकडाचा तुकडा बघा. झकास पॉलिश, खाली पितळी पट्टी, तीवर माझं नाव. हा वरच्या प्रेक्षक सज्जाचा कठडा आहे. करवतीनं कापलेला. माझ्या अभिनंदनाचा फलक नेमका सज्जावर का टांगलाय, तेही आता कळलं: मागची कापलेली जागा झाकायला.

नव्या सदस्यांसाठी सांगतो. आपली संसद पहिल्यांदा भरली ती भाड्याच्या नाटकगृहात. खाली सदस्य, वर बाल्कनीत लोक, कठड्यावर कोपरं टेकून. कुणी फार लांबण लावली की वरून एकजण खोकायचा, आणि बघता बघता सगळी बाल्कनी खोकू लागायची. पुढे ही इमारत झाली. सदस्यांना नव्या खुर्च्या आल्या, पण लोकांचा कठडा तोच राहावा असा ठराव झाला. कोपरांनी पडलेल्या खळग्यांसकट तो इथे आणून बसवला. माझी आई एकदा दिवसभर त्याला टेकून उभी होती. घरी येऊन म्हणाली, "भांडतात फार. पण आपल्यासमोर भांडतात, हे बरं."

समोरच्या नव्या इमारतीत सज्जापुढे काच आहे. असो. निदान इथे संग्रहालय होणार, कठडा जसाच्या तसा राहणार, असं ठरलं होतं ना?

मुलीच्या बाळंतपणासाठी मी रजेवर गेलो, तेवढ्यात हे उरकलं. हेतू वाईट नव्हता, हे मला कळतं. कुंपणानं शेत खाल्लं असं आपण म्हणतो. इथे शेत कापून कुंपणाचा, म्हणजे माझ्यासारख्या राखणदाराचा, सत्कार केलात. मला लाज वाटते. तुमची वाटते, आणि आत काय आहे ते न बघता हसलो म्हणून माझीही वाटते.

मान्यवरांच्या पायाशीही तसलीच खोकी दिसताहेत. मी माझा तुकडा या टेबलावर ठेवतो. आमचे सुतारमामा मागे बसलेत. मामा, परत बसवाल ना? काय म्हणता? सांधा दिसेल? दिसू दे. दिसायलाच हवा.

आपण इतक्या प्रेमानं जमलात, मनापासून आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर म्हाताऱ्याचं म्हणून सोडून द्या. खोकी मात्र इथेच ठेवून जा. दाराशी मीच उभा आहे. संध्याकाळपर्यंत माझी नोकरी आहे.