सज्जापुढची घंटा

आदरणीय अध्यक्ष फादर ओनोफ्रियो, व्यासपीठावरचे नगराध्यक्ष, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत ते इन्स्पेक्टर ब्रांदीसाहेब, आणि माझ्या गावकऱ्यांनो,

मी शाळेत गणित शिकवतो, भाषणं करत नाही. तानोचा भाऊ म्हणून मला उभं केलं आहे.

साहेबांची तोरिनोला बदली झाली. बढती आहे म्हणतात, अभिनंदन. रविवारी आपल्या संत व्हितोची मिरवणूक आहे आणि साहेब नसतील. मग संतांची मूर्ती पुन्हा त्या सज्जापुढे वाकणार का? मनात सगळ्यांच्या आहे, म्हणून मी विचारतो.

रीत तुम्हाला ठाऊकच आहे. घंटेच्या एका टोल्याला खांदेकरी थांबतात, दोन टोल्यांना पुढचे खांदेकरी गुडघे वाकवतात, की मूर्ती झुकते. डॉन सावेरियोंच्या सज्जाखाली नेहमी दोन टोले पडायचे.

गेल्या वर्षी घंटा तानोकडे होती. साहेब नवे होते. त्याला म्हणाले, "संत कुणापुढे वाकणार, ते घंटा ठरवते. घंटा तुझ्या हातात आहे."

सज्जाखाली तानोने घंटा काखेत दाबली. वरून डॉन ओरडले, "अरे तानो, झोपलास काय? वाजव की!"

"डॉन, संतांचे गुडघे दुखतात. तुम्हीच खाली या!"

लोक हसले. मीही हसलो.

त्याच आठवड्यात तो चुन्याच्या भट्टीमागे सापडला. घंटेचा हात मनगटापासून तोडलेला, तोही जिवंतपणी. आईला आम्ही फक्त चेहरा दाखवला.

अंत्ययात्रेत डॉनच्या घरून लिलीचं पुष्पचक्र आलं. आणणारा म्हणाला, "डॉनना फार वाईट वाटलं, मास्तर." साहेबांनी ते चक्र त्याच्याच गळ्यात घातलं, तारेसकट पिळलं आणि त्याला फरफटत डॉनच्या दारापर्यंत नेलं. आतून बंदुका सुटल्या. तो माणूस आपल्याच लोकांच्या गोळ्यांनी मेला. साहेबांचा जबडा फुटला, तरी ते जिना चढले. डॉन सज्जातून खाली पडले ते मेलेलेच. हे कायद्यात बसतं का? मला माहीत नाही. त्याने माझा भाऊ काही उठला नाही.

आता सज्जात डॉनचा मुलगा बसतो. परवा त्याचा निरोप आला, "मास्तर, साहेब गेले की घंटा माझ्या माणसाकडे जाऊ द्या. तुमच्या घरात अजून हात शिल्लक आहेत."

नगराध्यक्ष, मान खाली घालू नका. तुमच्याकडे काही मागत नाही. घंटा फादरनी कालच मला दिली.

साहेब, जबडा जपा, तोरिनोत थंडी फार असते. तुमचे, फादरांचे आणि शांतपणे ऐकणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलायची सवय नाही. एखादा शब्द उणा-अधिक गेला असेल तर पोटात घाला.

रविवारी त्या सज्जाखाली घंटा वाजणार नाही. त्याची क्षमा मात्र मी मागत नाही.