जातं थांबवा

विद्वान माणसं घरी जेवायला बोलवायची नसतात, हे मला बाहत्तरच्या दुष्काळात कळलं. बायबलच्या भाषांतरासाठी नगरहून दोन पाद्रीसाहेब आमच्याकडं मिरजगावला आले होते. गाडी ‘गेरेस’ या हिब्रू शब्दावर अडली. भरडलेलं धान्य, इतपत एकमत होतं. पण उखळात कुटलेलं की जात्यावर भरडलेलं, यावर सकाळपासून खल चालला होता. थोरले साहेब वैतागून मला म्हणाले, “तुमच्या मिसेसना ती घरघर थांबवायला सांगा. अर्थ लागत नाही!”

हिनं जातं थांबवलं.

दुपारी दोघं पाटावर बसले. ताटं रिकामी.

“वाढताय ना, बाई?”

“कण्यांसाठी ज्वारी भरडत हुते, तुमीच थांबिवलं,” ही म्हणाली. “अर्थ लागला आसंल, तर त्योच वाढते.”