सामायिक डबा

(मे २००६. जालना एमआयडीसीतला बियाण्यांचा कारखाना. दोन कचेऱ्यांच्या मधली अरुंद खोली. कंप्युटर दुरुस्तीला बेबीनंदा आली आहे.)

बेबीनंदा : ...थांबा, एकदा नीट मोजू द्या. स्टोरेजचा डबा एक. डब्यात डिस्क आठ, आठही डिस्कवर हिरवे दिवे. डब्याला जोडलेले सर्व्हर दोन, एक डावीकडच्या कचेरीत, एक उजवीकडच्या. या खोलीला दार एक आणि दाराला कुलपं दोन. बरोबर?

बद्रीनाथ : बराबर. एका कुलपाची किल्ली माझ्याकडं, दुसऱ्याची त्याच्याकडं.

बेबीनंदा : कुणाकडे?

बद्रीनाथ : हा तुमच्या मागं उभा हाये ना, त्याच्याकडं.

काकासाहेब : मॅडम, त्यांना सांगा, मला नाव हाये. काकासाहेब. ज्या आईनं त्यांचं बद्रीनाथ ठिवलं, तिनंच माझं ठिवलं.

बेबीनंदा : म्हणजे तुम्ही भाऊ आहात?

काकासाहेब : सख्खे.

बद्रीनाथ : होतो.

बेबीनंदा : बरं. तक्रार काय आहे?

बद्रीनाथ : सर्व्हर रोज बोंबलतो. ‘डिस्क एरर’ म्हणतो अन् बसतो. परवा बाजरीची फाइल उघडली, तर आत नुसता कचरा.

काकासाहेब : माझ्याकडंबी तेच. कपाशीची फाइल उघडली तर आत चौकटीच चौकटी. त्यांना विचारा मॅडम, रातच्याला डब्यात काय करून राह्यलेत?

बद्रीनाथ : त्याला सांगा, रातच्याला मी झोपतो.

काकासाहेब : मी दोन डिस्का बदलल्या. सगळा खर्चा पाण्यात.

बद्रीनाथ : मी तीन बदलल्या.

बेबीनंदा : आठातल्या पाच नव्या, आणि एरर तशीच. मग डिस्कवर संशय घेण्यात अर्थ नाही. या डब्यात आहे तरी काय?

बद्रीनाथ : यंदाची समदी उगवण. एकतीस लॉट. एका लॉटातले शंभर दाणे ओल्या कागदात ठिवायचे, किती उगवले ते मोजायचं. तो आकडा लेबलावर छापल्याबिगर पिशवी गेटाबाहेर जात न्हाई. बाजरीचा पंच्याहत्तराच्या अन् कपाशीचा पासष्टाच्या खाली आला तर लॉट बाद. माझ्या फाइलीत तो पहिल्याच ओळीत असतो.

काकासाहेब : माझ्या फाइलीत शेवटच्या.

बेबीनंदा : कागदावर नोंद असेल ना कुठे?

बद्रीनाथ : कंप्युटर आला तवाच कागद बंद केले.

काकासाहेब : दोघांनीबी. तेवढी एक गोष्ट एकमतानं झाली.

बेबीनंदा : मग फार तर पुन्हा उगवून मोजा.

काकासाहेब : कपाशीला बारा दिवस लागतात मॅडम, अन् मृग धा दिवसांवर आलाय. शेतकऱ्याला काय सांगू, पेरू नको, आमचा डबा बिघडलाय? आकडे गेले तर सीझन गेला.

बद्रीनाथ : दोघांचाबी. त्याला वाटतं, त्याच्या एकट्याचाच.

बेबीनंदा : मग एक प्रयोग करू. बद्रीनाथभाऊ, तुमच्या सर्व्हरवरून मी डब्यात एक नवी फाइल ठेवते. नाव देते ‘बेबी’.

बद्रीनाथ : हे काय नाव झालं?

बेबीनंदा : माझंच आहे. बेबीनंदा. एम.एस्सी. झाले तरी घरी बेबीच. ही बघा, ठेवली. दिसतेय?

बद्रीनाथ : दिसती.

बेबीनंदा : आता काकासाहेबांच्या सर्व्हरवर बघू. तोच डबा, तोच कप्पा. काकासाहेब, बेबी दिसतेय?

काकासाहेब : न्हाई. बघा! म्हणलं न्हवतं का मी? लपवून ठिवतात!

बेबीनंदा : लपवलेलं काही नाही. तुमचा सर्व्हर डब्यात बघतच नाहीये. सकाळी सुरू होताना तो एकदा नकाशा काढून घेतो, कुठली जागा भरलेली, कुठली मोकळी. मग दिवसभर डोक्यात तोच नकाशा धरून लिहीत बसतो. त्यांचा सर्व्हरही तेच करतो. दोघांनाही वाटतं की डब्यावर आपण एकटेच आहोत.

बद्रीनाथ : म्हंजे, मोकळं रान दिसलं म्हणून मी बाजरी पेरली...

बेबीनंदा : आणि यांनाही ते मोकळंच दिसत होतं, म्हणून त्याच सरीत यांनी कपाशी टोकली.

काकासाहेब : मंग उगवंल काय?

बेबीनंदा : डिस्क एरर. पण मला एक कळत नाही. डब्यात दोन कप्पे करून दोघांना एकेक द्यायचा असतो. एकच कप्पा दोघांना कुणी दिला?

बद्रीनाथ : तुमच्या आधी एक पोरगा आल्ता. त्यानं विचारलं, कसा वाटू?

काकासाहेब : तवा आमची वाटणी चालू होती ना. मशिनी वाटल्या, गोडाऊन वाटलं, वजनकाटा वाटला.

बेबीनंदा : वजनकाटा कसा वाटला?

काकासाहेब : काटा त्यांच्याकडं, वजनं माझ्याकडं.

बेबीनंदा : मग वजन कोण करतं?

काकासाहेब : बाहेर जातो. काट्यावर नंबर लावावा लागतो.

बद्रीनाथ : मीबी तिथंच जातो. तिथंबी हा माझ्या म्होरं टेम्पो घालतो.

बेबीनंदा : डब्याचं सांगा.

बद्रीनाथ : मी म्हणलो, मला अर्धा नको. पुरा दाखीव.

काकासाहेब : मंग मीबी म्हणलो, त्यांना पुरा तर मलाबी पुरा. हक्क म्हंजे हक्क.

बेबीनंदा : आणि त्यानं दिला?

बद्रीनाथ : तीन घंटे आमचं ऐकत बसला, मंग दिला. चहाबी न घेता पळाला.

बेबीनंदा : गावाकडे शेती आहे का तुमची?

काकासाहेब : भोकरदनच्या अलीकडं.

बेबीनंदा : विहीर?

बद्रीनाथ : हाये की. सामायिक.

बेबीनंदा : ती नाही वाटली?

बद्रीनाथ : येडं का काय? विहिरीत भिंत घालता येती का?

बेबीनंदा : मग दोघं एकाच वेळी मोटार लावता?

काकासाहेब : पाळी हाये ना. तीन दिवस त्यांची, तीन दिवस माझी. शनिवारी मोटारीला आराम.

बेबीनंदा : पाळी कधी मोडली?

काकासाहेब : न्हाई बा. त्यांनी मोडली न्हाई, मीबी न्हाई. पाण्यात कुणी बेइमानी करतं का?

बेबीनंदा : मग डब्यातही करू नका. आज दोन्ही सर्व्हर बंद करायचे. डब्यात जे जसं आहे ते मी आधी दुसरीकडे उतरवून घेते, मग माझ्या लॅपटॉपवरून कप्पा तपासते. सगळं निघालं की दोन वेगळे कप्पे करते. तर, दोघांनीही बंद करा.

काकासाहेब : आधी त्यांनी करावा.

बद्रीनाथ : त्याला सांगा, मी थोरला हाये. मी मागून करीन.

काकासाहेब : पंगतीत थोरला आधी, फोटोत थोरला मधी, अन् बंद करायच्या टायमाला मागं?

बेबीनंदा : तुम्ही आपापला नका करू. बद्रीनाथभाऊ, तुम्ही काकासाहेबांचा बंद करा. काकासाहेब, तुम्ही यांचा.

काकासाहेब : हे चालंल.

बद्रीनाथ : बिलकुल चालंल. त्याची कचेरी उघडी हाये ना?

बेबीनंदा : अहो, पळू नका! आणि वायर ओढू नका! स्क्रीनवरून नीट बंद करा!

बद्रीनाथ : ...झाला. त्याचा झाला बंद.

काकासाहेब : त्यांचा माझ्या आधीच झाला... म्हंजे मी आधी केला.

बेबीनंदा : एकदमच झाले. बसा आता. उतरवून घेते आहे.

काकासाहेब : किती वेळ?

बेबीनंदा : चहा सांगा. मग जेवण सांगा.

बद्रीनाथ : त्याला सांगा, माझा बिनसाखरेचा.

काकासाहेब : माहीत हाये मला. साखर झाली तवा दवाखान्यात कुणी नेल्तं?

बेबीनंदा : ...हं. उतरवून झालं. आता तपासणी सुरू. हा आकडा शंभरावर गेला की संपलं. मध्ये कुणी काही हलवायचं नाही, कारण अर्धवट दुरुस्त झालेला कप्पा बिघडलेल्या कप्प्यापेक्षा वाईट... पंखा का थांबला?

काकासाहेब : लोडशेडिंग. बराबर टायमावर.

बेबीनंदा : डबा कशावर चालतोय?

बद्रीनाथ : माझ्या यूपीएसवर. धा मिनिटं धरतो.

बेबीनंदा : मला निदान अर्धा तास लागेल. जनरेटर आहे?

बद्रीनाथ : हाये की. वाटणीत त्याच्याकडं गेला.

बेबीनंदा : मग लावा ना, काकासाहेब!

काकासाहेब : डिझेलचे कॅन त्यांच्याकडं गेले.

बेबीनंदा : ...काटा आणि वजनं.

काकासाहेब : मॅडम, त्यांना सांगा, कॅन द्या म्हणावं.

बद्रीनाथ : त्याला सांगा, नीट माग म्हणावं.

बेबीनंदा : मी आता कुणालाही काहीही सांगणार नाही. मला इथून उठता येत नाही. तपासणी एकसष्टवर आहे आणि यूपीएसचा एक दिवा गेला. चार राहिले.

काकासाहेब : मॅडम...

बेबीनंदा : तीन.

बद्रीनाथ : काक्या. ए काक्या, बहिरा झाला का? कॅन माझ्या दाराच्या मागं हाये. उचल.

काकासाहेब : कुलूप?

बद्रीनाथ : कचेरीला कुठं असतं कुलूप? मघाशी तूच घुसला न्हवता का? पळ जल्दी!

काकासाहेब : दादा, नरसाळं? नरसाळं कुठंय?

बद्रीनाथ : तुझ्याकडंच गेलं ना वाटणीत! जनरेटरच्या मागं बघ! थांब, सांडशील, मी धरतो!

बेबीनंदा : दोन... एक... लागला. लागला, आवाज आला! यूपीएस चार्जिंगवर गेलं. या परत, हात पुसा आधी. डिझेलच्या हातानं डब्याला शिवू नका.

काकासाहेब : कुठवर आलं?

बेबीनंदा : अठ्ठ्याहत्तर. थांबलेलं नाही.

बद्रीनाथ : काक्या, सदऱ्यावर सांडलंय तुझ्या.

काकासाहेब : तुमच्या धोतरावर बघा आधी.

बेबीनंदा : ...शंभर. संपलं. आता लॉट मोजते.

बद्रीनाथ : एकतीस हायेत का?

बेबीनंदा : एकोणतीस पूर्ण आहेत, आकड्यांसकट. उरलेले दोन एकमेकांत गेलेत. दोघांनी एकाच जागी लिहिलं. एकच फाइल उरली, वरचा अर्धा भाग बाजरी, खालचा अर्धा कपाशी.

काकासाहेब : गेले म्हणा.

बेबीनंदा : थांबा. बद्रीनाथभाऊ, तुम्ही उगवणीचा आकडा पहिल्या ओळीत लिहिता म्हणालात?

बद्रीनाथ : वडलांची पद्धत हाये ती.

बेबीनंदा : आणि काकासाहेब, तुम्ही शेवटच्या ओळीत. तुमची कुणाची पद्धत?

काकासाहेब : कुणाची न्हाई. ते वर लिहितात म्हणून मी खाली लिहितो.

बेबीनंदा : दोन्ही ओळी शाबूत आहेत. वाचू?

बद्रीनाथ : आधी त्याचा वाचा.

बेबीनंदा : कपाशी, शंभरात एकाहत्तर. बाजरी, शंभरात ब्याऐंशी.